एपिऊसिओस : ‘रोजची भाकर’ की उद्याची?

पोथीचाळक

नव्या करारात एक शब्द असा आहे, जो जगभरातली माणसं रोज प्रार्थनेत म्हणतात आणि ज्याचा नेमका अर्थ काय यावर तिसऱ्या शतकापासून वाद चालू आहे. शब्द ‘एपिऊसिओस’. जागा प्रभूच्या प्रार्थनेतली : मत्तय ६:११ आणि लूक ११:३. मराठी बायबलात ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं वाचतो ना, त्यातलं ‘रोजची’ म्हणजे हा एपिऊसिओस.

मत्तयातलं मूळ वाक्य असं : ‘तोन आर्तोन हेमोन तोन एपिऊसिओन दोस हेमिन सेमेरोन’. आर्तोन म्हणजे भाकर, हेमोन आमची, दोस हेमिन आम्हांला दे, सेमेरोन आज. सगळे बाजारात रोज ऐकू येणारे शब्द. मधला एकच अनोळखी. होमरमध्ये नाही, प्लेटोत नाही, जुन्या कराराचं जे ग्रीक भाषांतर झालं (सेप्टुअजिंट) त्यात नाही, आणि नव्या करारातही या प्रार्थनेबाहेर कुठंच नाही. ‘दिदाखे’ नावाच्या आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत आहे, पण तिथंही हीच प्रार्थना उतरवलेली आहे. म्हणजे तो वेगळा पुरावा धरता येत नाही.

याची पहिली जाहीर तक्रार केली ओरिजेननं. हा माणूस अलेक्झांड्रियाचा, मातृभाषा ग्रीक, उभी हयात ग्रीक ग्रंथांत गेलेली. इ.स. २३३ च्या आसपास प्रार्थनेवर लिहिलेल्या ग्रंथात तो सरळ सांगतो की हा शब्द ना विद्वानांच्या लिखाणात आढळतो ना सामान्यांच्या बोलण्यात. शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. आपण अठराशे वर्षांनंतर कोश उघडून बसलोय म्हणून आपल्याला कळत नाही, अशातला भाग नाही. तेव्हाच्या ग्रीक माणसालाही तो अडला होता.

आता माझा मुद्दा. ‘रोजचा’ म्हणायचं असतं तर ग्रीकमध्ये शब्दांचा दुष्काळ नव्हता. याकोबाच्या पत्रात (२:१५) ‘रोजचं अन्न’ आहे, तिथं शब्द आहे ‘एफेमेरोस’. प्रेषितांची कृत्ये ६:१ मध्ये विधवांना रोज होणाऱ्या वाटपाचा उल्लेख आहे, तिथं ‘काथेमेरिनोस’. आणि कृत्ये लिहिणारा परंपरेनं लूकच. म्हणजे त्याच्या हाताशी ‘काथेमेरिनोस’ होता, तरी प्रार्थनेत त्यानं एपिऊसिओस तसाच ठेवला आणि वाक्याच्या शेवटी ‘तो काथ हेमेरान’, म्हणजे ‘दररोज’, हे वेगळं जोडलं. एपिऊसिओसचाच अर्थ रोजचा असेल तर लूक म्हणतो ‘रोजची भाकर रोज दे’. मराठीत आपण तसंच वाचतो आणि कानाला काही खटकत नाही, पण सवयीमुळे.

व्युत्पत्तीचे रस्ते मुख्यतः दोन. एक, ‘एपि + ऊसिया’. ऊसिया म्हणजे अस्तित्व, सत्त्व. त्यावरून ‘जगण्यापुरती’ किंवा ‘सत्त्वाच्या पलीकडची’ भाकर. दुसरा, ‘एपिएनाइ’, येऊन ठेपणे, या क्रियापदावरून. त्यापासून ‘हे एपिऊसा’ हा रूढ शब्दप्रयोग आहे : येणारा (दिवस). हा नव्या करारातही सापडतो. कृत्ये १६:११ मध्ये पौलाचं तारू ‘ते एपिऊसे’, म्हणजे दुसऱ्या दिवशी, नेआपुलीला लागतं. सेप्टुअजिंटमध्ये नीतिसूत्रे २७:१ ला उद्याची फुशारकी नको, कारण ‘हे एपिऊसा’ काय प्रसवेल ते तुला ठाऊक नाही, असं आहे.

मला दुसरा रस्ता पटतो. प्रार्थना ‘उद्याची भाकर आज दे’ अशी आहे आणि ‘रोजची’ हे नंतरचं गुळगुळीत झालेलं रूप आहे, असं माझं मत. बाकी जाणकारांनी तुटून पडावं.

खवचट खार

म्हणजे प्रार्थना ठरली, मागणी ठरली, फक्त डिलिव्हरीची तारीख ठरली नाही. (हलकेच घ्या.)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुणीतरी संस्कृत आणणार याची खात्री आहे.

निरुक्तवेडी

आणतेच. :)

वेदांत असे शब्द ढिगानं आहेत. कौत्स नावाचा जुना पंडित म्हणायचा की मंत्रांना अर्थच नसतो, आणि त्याच्या आक्षेपांत एक हाच की काही शब्द अस्पष्ट आहेत. यास्काच्या ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या ग्रंथात त्याची यादी आहे : अम्यक्, यादृश्मिन्, जारयायि, काणुका. यास्काचं उत्तर प्रसिद्ध आहे, ‘नैष स्थाणोरपराधो यदेनमन्धो न पश्यति’. आंधळ्याला खांब दिसला नाही तर दोष खांबाचा नव्हे. ओरिजेन यास्काच्या बाजूचा दिसतो. शब्द अनोळखी आहे म्हणून तो हात झटकत नाही, फोडून अर्थ लावायला बसतो.

पण पोथीचाळक, तुमच्या शेवटच्या उडीला माझी हरकत आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ‘कुशल’ कुश तोडणाऱ्यापासून आला आणि ‘प्रवीण’ वीणेपासून, असं आपल्याकडे शिकवतात. उद्या एखाद्यानं ‘प्रवीण सुतार’ वाचून सुताराच्या हातात वीणा दिली तर? शब्द वापरात कसा फिरला हे कळल्याशिवाय धातूवरून फार तर अंदाज बांधता येतो.

पोथीचाळक

निरुक्तवेडीताई, तत्त्व मान्य. पण हा शब्द वापरात फिरलेलाच नाही, हीच तर अडचण आहे. ‘प्रवीण’चा अर्थ शंभर ठिकाणच्या वापरावरून पडताळता येतो. इथं हाताशी तीनच गोष्टी : घडण, संदर्भ, आणि ज्यांनी तो सर्वांत आधी दुसऱ्या भाषेत नेला ती माणसं. घडण सोडली तर एक पाय कापून चालण्यासारखं होईल.

घडणीबद्दल थोडं आणखी. आपल्याकडे इति + आदि = इत्यादि, ‘इ’चा ‘य’ होतो. ग्रीकमध्ये ‘एपि’च्या पुढं स्वर आला की सहसा शेवटची ‘इ’ गळूनच पडते. एपि + ऊरानोस (आकाश) याचं होतं ‘एपूरानिओस’, स्वर्गीय. हा शब्द नव्या करारात बऱ्याचदा येतो. त्या न्यायानं एपि + ऊसिया याचं ‘एपूसिओस’ व्हायला हवं. मग मधली ‘इ’ कशी टिकली? कारण ती ‘एपि’ची नाही, पुढच्या धातूची आहे. एप + इऊसा. येणे या क्रियापदाचं मूळ ‘इ’च, आपल्या ‘एति’मधली. त्यामुळे ‘सत्त्व’वाला रस्ता व्याकरणाच्या नाक्यावरच अडतो.

ग्रीकगल्ली

अडतो, पण बंद होत नाही. :) ‘इ’ टिकल्याची उदाहरणं आहेत. ‘एपिएइकेस’ (सौम्य, समंजस) घ्या; तिथं मध्ये एक जुना ‘व’ होता, तो उच्चारातून गेला आणि ‘इ’ मागे राहिली, असा खुलासा होतो. पण ‘एपिओर्केओ’ (खोटी शपथ वाहणे) याला काय म्हणाल? तो तर याच डोंगरावरच्या प्रवचनात आहे, मत्तय ५:३३, प्रार्थनेच्या एक अध्याय अलीकडे. नियम आहे, पण लोखंडी नाही.

आणि ओरिजेन स्वतः ऊसियावाला. त्याला ‘पेरिऊसिओस’ (निर्गम १९:५ मध्ये देवाचं ‘खास स्वतःचं’ धन या अर्थी येणारा शब्द) आठवला आणि दोन्ही एकाच साच्यातले वाटले. ‘पेरि’ची ‘इ’ मात्र ग्रीकमध्ये गळतच नाही, त्यामुळे ती जोडी दिसायला छान असली तरी ‘एपि’च्या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

गंमत म्हणजे पुढचे ग्रीक भाषकही एका सुरात बोलत नाहीत. ख्रिसोस्तोम मत्तयावरच्या प्रवचनात स्वतःच विचारतो, एपिऊसिओस भाकर म्हणजे काय, आणि एका शब्दात उत्तर देतो : ‘एफेमेरोस’. म्हणजे तुम्ही वर जो ‘सोपा’ शब्द दिलात तोच! जेरुसलेमच्या सिरिलच्या नावावरच्या धर्मशिक्षणात तीच भाकर आत्म्याच्या सत्त्वासाठी नेमलेली होते. दोघेही ग्रीकच, दोघेही चौथ्या शतकातले.

सावेडीचा पाहुणा

धागा वाचून बरं वाटलं. आमच्या घरी ही प्रार्थना मी बोलायला लागलो तेव्हापासून पाठ आहे आणि ‘रोजची भाकर’ या शब्दांशी माझं भांडण अजिबात नाही, हे आधी सांगतो.

पण ‘उद्याची भाकर’ मला पटत नाही, आणि कारण व्याकरणाचं नाही. त्याच अध्यायात पुढं, ६:३४ ला, येशू म्हणतो, ‘उद्याची चिंता करू नका’. तेवीस वचनं आधी ज्यानं उद्याची भाकर मागायला शिकवलं तो लगेच असं म्हणेल? आणि मागे रानातला मान्ना आहे, म्हणजे इस्राएल लोकांना रानात देवाकडून मिळालेलं अन्न. निर्गम १६ मध्ये स्पष्ट आज्ञा आहे की रोज निघून त्या दिवसापुरता गोळा करा. ज्यांनी सकाळपर्यंत ठेवला त्याला किडे पडले आणि घाण सुटली. येशूचं ऐकणाऱ्या यहुदी माणसाला ‘भाकर दे’ म्हटल्यावर हीच गोष्ट आठवणार. तिचं सगळं वजन ‘आजपुरतं’ यावर आहे. नीतिसूत्रे ३०:८ पण बघा : दारिद्र्य नको, श्रीमंती नको, माझ्या वाट्याचं अन्न मला दे.

म्हणून माझ्या मते ‘लागेल तेवढी’. सिरियाक भाषेतल्या पेशित्ता बायबलात बहुधा असंच काहीसं आहे ना?

ग्रीकगल्ली

@सावेडीचा पाहुणा, हो. पेशित्तात ‘लाहमा द-सुन्कानान’, आमच्या गरजेची भाकर. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती मंडळींच्या जुन्या उपासनेत ही प्रार्थना याच शब्दांत चालत आलीय, म्हणजे भारतात ‘गरजेची भाकर’ ‘रोजच्या भाकरी’च्या कितीतरी आधी पोचली. पण पेशित्ताच्याही आधीचं जे सिरियाक भाषांतर आहे, त्यात ‘अमीना’ आहे : कायमची, न खंडणारी. ‘आमेन’ ज्या धातूचा त्याच धातूचा शब्द. गॉथिक बायबलातही ‘सिंतेइनान’, नेहमीची.

पोथीचाळक

६:३४ चा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, त्याला दोन उत्तरं देतो.

पहिलं. ‘हे एपिऊसा’ म्हणजे घड्याळातला ‘उद्या’ नव्हे. तुम्ही कोणत्या वेळी बोलता यावर ते आहे. प्लेटोचा ‘क्रितोन’ आठवा. सॉक्रेटिस तुरुंगात, अजून फटफटायचंय, क्रितोन येऊन बसलाय. डेलोसहून जहाज परत आलं की दुसऱ्या दिवशी मृत्युदंड. क्रितोन म्हणतो, जहाज बहुतेक आज येईल. शब्द ‘तेमेरोन’, म्हणजे आपल्या प्रार्थनेतल्या ‘सेमेरोन’चंच अथेन्सचं रूप. सॉक्रेटिस उत्तर देतो की ते ‘एपिऊसा’ दिवशी येणार नाही, त्याच्या पुढच्या दिवशी येईल. म्हणजे पहाटेच्या अंधारात बसून एक जण ज्याला ‘आज’ म्हणतो त्यालाच दुसरा ‘येणारा दिवस’ म्हणतो. हेच रात्री जेवणं झाल्यावर म्हटलं असतं तर तो ‘उद्या’ झाला असता. मराठीत ‘परवा’ मागचा की पुढचा हे जसं वाक्यावरूनच कळतं, त्यातलाच प्रकार.

त्यामुळे सकाळी उठून म्हटली तर ‘या उगवत्या दिवसाची भाकर’, संध्याकाळी म्हटली तर ‘उद्याची’. दिदाखे तर सांगते की ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा.

दुसरं. रोजंदारीवरच्या माणसाच्या बाजूनं बघा. मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याचा मालक नाक्यावर उभे असलेले मजूर उचलतो आणि संध्याकाळी एक-एक दीनार हातावर ठेवतो. लेवीय १९:१३ ची आज्ञाच आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नकोस. मजुरी आज रात्री मिळाली तर उद्याचं पीठ येणार. अशा घरात ‘उद्याची भाकर आज दे’ म्हणणं ही साठवण नाही आणि चिंताही नाही. हातावर पोट असलेल्या माणसाची ती एका दिवसाची मागणी आहे. उलट आज रात्री ती मिळाली तरच ‘उद्याची चिंता करू नका’ हे त्याला झेपेल.

मान्न्याचंही एक : सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा, शब्बाथसाठी (सातवा, विश्रांतीचा दिवस), आणि तो मात्र नासायचा नाही. उद्याची भाकर आज मिळण्याची सोय त्याच अध्यायात आहे. :)

निरुक्तवेडी

क्रितोनचं उदाहरण झकास, मानलं. पण त्यानं तुमचाच शीर्षकातला ‘की’ निकामी झाला. सकाळी ‘आजची’ आणि रात्री ‘उद्याची’ असेल तर तुम्ही ‘उद्याची’ला मत का देताय?

आणि मजुराचा युक्तिवाद ऐकायला फार गोड आहे म्हणूनच मी त्याच्यापासून जरा लांब उभी राहते. तो तेव्हाच्या परिस्थितीशी जुळतो एवढंच. शब्दाचा अर्थ तोच होता हे त्यानं सिद्ध होत नाही.

गणोबा

एक शंका. हा शब्द इजिप्तमध्ये एका किराणा मालाच्या यादीत सापडला होता ना? कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं की पपायरसवर (तिकडच्या लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर) सापडला, त्यावरून ‘रोजचा शिधा’ असा अर्थ पक्का झाला आणि वाद मिटला. मग हे सगळं काथ्याकूट कशाला?

ग्रीकगल्ली

गणोबा, बरं झालं विचारलंत. तो किस्सा अर्धाच फिरतो.

फ्लिंडर्स पेट्रीनं इजिप्तमधल्या हवारा इथं उत्खनन केलं, त्यात बरेच पपायरस मिळाले. त्यांचं वाचन ए. एच. सेस यांनी करून १८८९ मध्ये छापलं. त्यात एक घरखर्चाचा हिशेब होता आणि त्यातल्या एका ओळीत सेसनी ‘एपिऊसि...’ अशी अक्षरं वाचली, पुढचं अपुरं. तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. १९१५ मध्ये प्रायझिग्के यांच्या पपायरस-संग्रहात तो मजकूर पुन्हा छापला गेला आणि मग मंडळी ताडकन उठून बसली. प्रार्थनेबाहेरचा एकमेव वापर! तोही खर्चाच्या वहीत! ‘दिवसाचा शिधा’ हा अर्थ कोशांतून आणि भाष्यांतून चढला.

अडचण अशी की मूळ पपायरस कुणालाच सापडेना. सगळा डोलारा सेसच्या त्या एका वाचनावर, आणि सेस यांचं पपायरस-वाचन भरवशाचं नाही अशी कुजबुज पपायरसवाल्यांत होतीच. ब्रूस मेत्झगर यांनी १९५७ मध्ये प्रार्थनेबाहेरचे म्हणून सांगितले जाणारे सगळे दाखले तपासायला घेतले, तेव्हाही खात्री करायला मूळ कागद हाती नव्हता.

तो १९९८ मध्ये मिळाला, अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात. नायमन आणि वोर्प या दोघांनी तो पुन्हा वाचून १९९९ मध्ये छापलं : तिथं एपिऊसिओस नाहीच. शब्द आहे ‘एलाइऊ’. तेल. म्हणजे घरखर्चात तेलाचे पैसे मांडले होते.

तेव्हा वाद मिटला नाही, उलट ओरिजेनचं म्हणणं पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं.

खवचट खार

भाकरीचा शोध लावायला गेले आणि तेल हाती आलं. शतकभर कोशांना फोडणी!

गणोबा

धन्यवाद ग्रीकगल्ली. त्या व्हिडिओला डिसलाइक देऊन आलो. नास्तिक माणूस आहे मी, पण असं एका अक्षरावरून शंभर वर्षं माग काढणं आवडतं बुवा.

बार्देशकार

आमच्यात कोंकणीत म्हणतात, ‘आमचो दिसपट्टो गिरास आज आमकां दी’. भाकर नाही, पाव पण नाही. गिरास म्हणजे घास, ‘ग्रास’चंच रूप. गोंयात पोदेराचा (पाववाल्याचा) पाव एवढा असून प्रार्थनेत घासच आला, याचं मला लहानपणापासून नवल वाटतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. जुन्या इंग्रजी कॅथलिक बायबलात मत्तयाच्या या वचनात भलताच अवजड शब्द बघितला होता, ‘सुपरसब्स्टॅन्शल’ भाकर. ते काय प्रकरण?

पोथीचाळक

वा! तो सगळा उद्योग जेरोम या चौथ्या शतकातल्या भाषांतरकाराचा. पोप डमासस यांच्या सांगण्यावरून ३८३-८४ च्या सुमारास त्यानं लॅटिन शुभवर्तमानं सुधारायला घेतली. आधीच्या लॅटिन भाषांतरांत दोन्ही ठिकाणी ‘कोतिदियानुम’, रोजची, होतं. जेरोमनं लूकमध्ये ते तसंच ठेवलं आणि मत्तयात मात्र बदललं : ‘सुपरसुब्स्तान्तियालेम’. सुपर = एपि, सुब्स्तान्तिया = ऊसिया. ग्रीक शब्दाचे दोन तुकडे करून लॅटिनमध्ये जसेच्या तसे बसवले. एकच ग्रीक शब्द, एकच प्रार्थना, एकच भाषांतरकार आणि भाषांतरं दोन! तुम्ही पाहिलंत ते १५८२ चं रीम्सचं इंग्रजी भाषांतर किंवा त्याची पुढची आवृत्ती असणार. ते लॅटिनवरून केलेलं, म्हणून तो शब्द इंग्रजीत तसाच उतरला.

लोक मात्र प्रार्थना म्हणताना ‘कोतिदियानुम’च म्हणत राहिले. पाठांतर कोशाला ऐकत नाही. यातून बाराव्या शतकात एक भारी भांडण झालं. आबेलार या फ्रेंच पंडितानं, त्याची पत्नी एलोईज जिथं प्रमुख होती त्या पाराक्लीत मठात, जोगिणींना मत्तयातला ‘सुपरसुब्स्तान्तियालेम’ म्हणायला लावला. क्लेअरवोच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड तिथं भेटीला गेला, त्याच्या कानाला ते खटकलं. आबेलारनं त्याला लांबलचक पत्र लिहून बाजू मांडली : मत्तय हा प्रत्यक्ष बारा शिष्यांतला, त्यानं प्रार्थना समोर बसून ऐकली, लूकनं इतरांकडून ऐकली, मग मत्तयाचं रूप वापरलं तर बिघडलं कुठं? त्याच शतकातल्या काथार पंथाचे लोकही हाच शब्द म्हणत, आणि त्यांना चर्चनं पाखंडी ठरवलं होतं. त्यामुळे तो शब्द नुसता उच्चारणं म्हणजे कुणाकुणाच्या भुवया उंचावणं.

पण जेरोमनंच माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावाही जपून ठेवलाय. मत्तयावरच्या भाष्यात (इ.स. ३९८) तो सांगतो की ‘इब्री लोकांचं शुभवर्तमान’ म्हणून जे पुस्तक आहे त्यात या जागी ‘माहार’ शब्द सापडला, अर्थ ‘उद्याचा’. ते पुस्तक आज उरलेलं नाही, अशा उताऱ्यांतूनच कळतं. इजिप्तमधल्या कॉप्टिक भाषांतरांतही ‘उद्याची’, ‘येणारी’ अशीच छटा आहे. निरुक्तवेडीताई, ‘उद्याची’ला मत देण्याचं कारण हे.

निरुक्तवेडी

पण ‘इब्री लोकांचं शुभवर्तमान’ हेच ग्रीक मत्तयावरून केलेलं असेल तर? मग ‘माहार’ म्हणजे मूळ शब्द नव्हे, आणखी एका भाषांतरकाराचा अंदाज. तोही तुमच्यासारखाच ‘एपिऊसा’ आठवून बसला असेल.

पोथीचाळक

हा आक्षेप योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकासमोरही होता, आणि त्याचं उत्तर मला आवडतं. धरून चला की ते भाषांतर होतं. भाषांतर करणारा कोण? अरामी बोलणारा यहुदी ख्रिस्ती. तो भाषांतर करत करत सहाव्या अध्यायापर्यंत आला की समोर काय येतं? जी प्रार्थना तो आईच्या भाषेत रोज म्हणतो तीच. तिथं तो ग्रीक शब्द फोडत बसेल का? तोंडात बसलेलं तेच लिहील. म्हणजे बाकी पुस्तक भाषांतर असलं तरी तेवढी ओळ आठवणीतली असण्याची शक्यता दाट.

येरेमियास पुढं जाऊन म्हणतो की हा ‘उद्या’ म्हणजे देवाच्या राज्याचा मोठा उद्या, आणि ही त्या राज्यातल्या पंगतीची भाकर, जी आजच थोडी मिळावी. लूक १४:१५ मध्ये देवाच्या राज्यात जेवणाऱ्याला धन्य म्हटलंय, त्याचा आधार आहे. मी इतका दूर जात नाही. प्रार्थनेत लगेच पुढं अपराधांची क्षमा आणि मोह आहेत, सगळं रोजच्या जगण्यातलं. मध्येच भाकर तेवढी स्वर्गातली कशाला?

सावेडीचा पाहुणा

येरेमियासचं ते पाठांतराचं उत्तर मला घरच्या अनुभवावरून खरं वाटतं. आमची आजी नवीन सोप्या भाषेतलं बायबल वाचायची, पण प्रभूची प्रार्थना आली की पुस्तकावर बोट नवीन ओळीवर आणि तोंडात जुनेच शब्द.

तरी मी ‘गरजेची’लाच चिकटून आहे. राज्याच्या पंगतीवर मात्र पोथीचाळक यांच्याशी सहमत. मराठीत ‘भाकर’ घेतल्यामुळे एक फायदा झाला, तो हा की ती स्वर्गात उडून जात नाही. पोटापाण्याचीच राहते. ‘अन्न’ म्हटलं असतं तर अन्नब्रह्मापर्यंत प्रवचन गेलं असतं.

बार्देशकार

आणि घास म्हटलं की एकच. पुढचा परत मागायचा.

खवचट खार

आता गंभीर प्रश्न. आजच्या ग्रीसमध्ये हा शब्द लोकांना कळतो का? की तिथंही आमच्यासारखंच, ‘सत्राणे उड्डाणे’ नुसतं पाठ?

ग्रीकगल्ली

चर्चमध्ये ते आजही मत्तयातली मूळ ग्रीक ओळच म्हणतात, भाषांतर नाहीच. तिथल्या ख्रिस्ती माणसाला ‘रोजची’, ‘उद्याची’, ‘गरजेची’ यांतलं काही निवडावं लागत नाही.

पण शब्द मेलेला नाही. ‘एपिऊसिओस’ (आजच्या उच्चारात ‘एपिऊसियोस’) हा आता साध्या बोलण्यात पोटापाण्याची कमाई या अर्थी चालतो. टॅक्सीवाला, मासे विकणारा, कुणीही, ‘एपिऊसिओ काढतो’ म्हणजे पोटापुरतं कमावतो. वर्तमानपत्रातही मजुरांच्या बातमीत भेटतो. ओरिजेननं जो शब्द सामान्यांच्या बोलण्यात नाही म्हणून नोंदवला, तो प्रार्थनेतूनच सामान्यांच्या बोलण्यात उतरला.

निरुक्तवेडी

हे भारीच. म्हणजे वापर सापडला, फक्त उलट्या दिशेनं. पोथीचाळक, हा पुरावा तुमच्याही बाजूचा नाही आणि ऊसियावाल्यांचाही नाही बरं का.

पोथीचाळक

नाहीच. सावेडीच्या पाहुण्यांच्या खात्यात टाका.

‘पेरिऊसिओस’वर ग्रीकगल्ली यांनी वेगळा धागा काढावा ही विनंती. तीताला पत्र २:१४ मध्ये तो आहे आणि तिथंही भाषांतरकारांची बरीच धांदल उडालेली दिसते.